मॉरिशसमधील न्यायसंस्था किती स्वतंत्र आहे?

मॉरिशससारख्या जेमतेम साडेबारा लाख वस्तीच्या देशात न्यायाधीश, मंत्री, वकील आणि संपादक एकाच शाळेतून बाहेर पडलेले असतात आणि एकमेकांच्या घरच्या कार्याला जातात. अशा ठिकाणी न्यायालय सरकारपासून खरोखर स्वतंत्र राहू शकते का, आणि १९६८ साली स्वातंत्र्य मिळालेल्या देशाचे शेवटचे अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या जुन्या अपील न्यायालयाकडे, जाते ही गुलामीची खूण नव्हे का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. मी मुंबईत वकिली करतो. भारत आणि मॉरिशस यांच्यातील करारमदार, कंपन्यांचे वाद आणि लवाद या निमित्ताने गेली वीसहून अधिक वर्षे पोर्ट लुई या तिथल्या राजधानीतील न्यायालयांशी माझा संबंध येत राहिला आहे. त्या आधारावर माझे मत आरंभीच सांगतो. वरच्या पायरीवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालय आणि त्यावरील अपील या टप्प्यावर, मॉरिशसची न्यायसंस्था सरकारला अनेकदा आणि उघडपणे नकार देऊ शकली आहे, आणि त्याचे श्रेय राज्यघटनेतील काही अगदी नेमक्या तरतुदींना आहे. उणीव आहे ती खालच्या पायरीवर, जिथे सामान्य माणसाची न्यायालयाशी पहिली गाठ पडते, आणि त्या उणिवेवर लंडनकडे उपाय नाही.

या व्यवस्थेचा साचा दोन साम्राज्यांनी घडवला आहे. बेट फ्रेंचांकडे असताना १८०८ मध्ये नेपोलियनची नागरी संहिता तिथे लागू झाली. १८१० च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे आणि रूढी कायम ठेवण्याचे वचन दिले गेले. त्यामुळे आजही मालमत्ता, करार आणि वारसा यांचा कायदा फ्रेंच वळणाचा आहे, तर न्यायालयाची कार्यपद्धती, पुराव्याचे नियम आणि घटनात्मक कायदा इंग्रजी वळणाचा आहे. न्यायाधीश फ्रेंच भाषेतील संहितेचा अर्थ लावतो आणि निकालपत्र इंग्रजीत लिहितो, तर साक्षीदार बहुधा क्रिओल या तिथल्या लोकभाषेत बोलत असतो. वकिलीचा व्यवसायही तीन शाखांत विभागलेला आहे: न्यायालयात युक्तिवाद करणारे बॅरिस्टर, कागदपत्रे आणि दाव्याची बांधणी सांभाळणारे अ‍ॅटर्नी, आणि दस्त करणारे नोटरी. आपल्याकडच्या नोटरीच्या शिक्क्यावरून तिथल्या नोटरीच्या अधिकाराची कल्पना करू नये, कारण जमिनीचा व्यवहार त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही.

न्यायालयांची उतरंड साधी आहे. तळाशी जिल्हा न्यायालये, त्यावर गंभीर फौजदारी खटले आणि मोठे दिवाणी दावे ऐकणारे इंटरमीडिएट कोर्ट, कामगार प्रकरणांसाठी वेगळे न्यायालय आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय, ज्याचे व्यापारी, कौटुंबिक आणि मध्यस्थी असे विभाग आहेत. हे सर्वोच्च न्यायालय १८५० पासूनचे आहे. त्याची पोर्ट लुईमधील नवी इमारत भारताच्या अनुदानातून उभी राहिली आणि ३० जुलै २०२० रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे तिचे उद्‌घाटन केले. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या मनात उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या दोन वेगळ्या संस्था असतात, पण मॉरिशसमध्ये दोन्हींचे काम एकच संस्था करते. एका न्यायाधीशाने दिलेल्या निकालावरील अपील त्याच न्यायालयातील दुसरे न्यायाधीश ऐकतात, म्हणजे आज ज्याचा निकाल मी तपासतो तो उद्या माझा निकाल तपासणार असतो. यात कोणाच्याही सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही, पण रचना म्हणून ती सदोष आहे. लॉर्ड मॅके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९८ च्या सुमारासच स्वतंत्र अपील विभाग उभारण्याची शिफारस केली होती.

आता नेमणुकांकडे येतो, कारण स्वातंत्र्याचा प्रश्न तिथेच सुरू होतो. घटनेच्या कलम ७७ नुसार सरन्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती पंतप्रधानांशी विचारविनिमय करून करतात. त्यांच्या खालोखाल असलेल्या, तिथे ‘सीनियर प्युनी जज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायाधीशांची नेमणूक सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने होते. बाकीच्या न्यायाधीशांसाठी न्यायिक व विधी सेवा आयोगाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे. त्या आयोगावर सरन्यायाधीश, सीनियर प्युनी जज, लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष आणि सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने नेमलेले एक आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. आयोगात मंत्री नाही, खासदार नाही आणि सरकारचा मुख्य कायदेशीर सल्लागार असलेला अ‍ॅटर्नी जनरलही नाही. पंतप्रधानांचा आवाज फक्त सरन्यायाधीशांच्या नेमणुकीत आणि तोही ‘विचारविनिमय’ या शब्दापुरता आहे, जरी व्यवहारात त्या एका शब्दाचे वजन बरेच असू शकते. गेल्या काही दशकांत तिथे असा पायंडा पडला आहे की सीनियर प्युनी जज हेच पुढे सरन्यायाधीश होतात, आणि माझ्या दृष्टीने हा लिखित नसलेला पायंडा लिखित तरतुदीइतकाच मोलाचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रेहाना मंगली-गुलबुल या मॉरिशसच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या.

न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याची पद्धत तर आपल्यापेक्षाही कडक आहे. भारतात हा अधिकार शेवटी संसदेच्या दोन्ही सभागृहांकडे आहे, पण मॉरिशसमध्ये संसदेला यात काहीच स्थान नाही. तक्रार आली तर आजी-माजी न्यायाधीशांचे चौकशी मंडळ बसते. त्या मंडळाने तशी शिफारस केली तर प्रश्न प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जातो, आणि समितीने सल्ला दिला तरच न्यायाधीश पदच्युत होतो. पोर्ट लुईत बहुमत कोणाचे आहे याचा न्यायाधीशाच्या खुर्चीशी संबंध राहू नये, हा त्यामागचा विचार आहे. आपल्या मराठी मनात निःस्पृह न्यायाधीश म्हटले की रामशास्त्री उभे राहतात. त्यांचे मोठेपण वादातीत आहे, पण सत्ताधीशाला नकार दिल्यावर त्यांना पद सोडून जावे लागले, हाही त्या कथेचाच भाग आहे. मॉरिशसच्या घटनाकारांना असा न्यायाधीश हवा होता की ज्याला नकार देऊन दुसऱ्या दिवशी त्याच आसनावर येऊन बसता येईल.

अशा तरतुदी नसतील तर छोट्या देशात काय घडते, याची दोन उदाहरणे फार जुनी नाहीत. प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या बेटाने जानेवारी २०१४ मध्ये आपल्या परदेशी दंडाधिकाऱ्याला देशाबाहेर काढले आणि ऑस्ट्रेलियात असलेल्या सरन्यायाधीशांचा व्हिसाच रद्द केला. पदच्युतीची प्रक्रिया करण्याची गरजही उरली नाही. मालदीवमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधी नेत्यांच्या सुटकेचा आदेश दिला, त्यानंतर काही दिवसांतच आणीबाणी लागली, सरन्यायाधीश अब्दुल्ला सईद यांना अटक झाली आणि उरलेल्या न्यायाधीशांनी तो आदेश मागे घेतला. हिंदी महासागरातील शेजारी म्हणून मॉरिशसच्या वकिलांनी ही घटना फार बारकाईने पाहिली होती, हे मला त्या काळातील बोलण्यांवरून चांगले आठवते.

न्यायाधीशांइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक महत्त्वाचा असा मॉरिशसच्या घटनेतील अधिकारी म्हणजे डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्युशन्स. मराठीत आपण त्यांना अभियोग संचालक म्हणू, तिथे सगळे डीपीपी म्हणतात. कलम ७२ नुसार फौजदारी खटला भरणे, दुसऱ्याने भरलेला खटला हाती घेणे किंवा चालू खटला थांबवणे हा अधिकार त्यांचा आहे आणि तो वापरताना ते कोणाच्याही आदेशाला किंवा नियंत्रणाला बांधील नाहीत. त्यांची नेमणूकही मंत्रिमंडळ करत नाही, वर सांगितलेला आयोगच करतो. भारतात सरकार बदलले की सरकारी वकिलांची यादी बदलते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की या तरतुदीचे मोल आपल्याला चटकन जाणवत नाही.

तिचे मोल जाणून घ्यायचे तर मेडपॉइंट प्रकरण पाहावे. प्रविंद जगन्नाथ २०१० मध्ये अर्थमंत्री असताना मेडपॉइंट या खासगी रुग्णालयाच्या सरकारी खरेदीसाठीचा निधी एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली वळवण्याच्या कागदावर त्यांची सही झाली. रुग्णालयाच्या कंपनीत त्यांच्या बहिणीचे समभाग होते. हितसंबंधाच्या संघर्षाबद्दल जून २०१५ मध्ये इंटरमीडिएट कोर्टाने त्यांना दोषी धरले आणि नंतर बारा महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या वेळी देशाचे पंतप्रधान होते त्यांचे वडील अनिरुद्ध जगन्नाथ. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तिथेच प्रकरण थांबले असते तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते, पण डीपीपी प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपिलात गेले, आणि जानेवारी २०१७ मध्ये जगन्नाथ स्वतः पंतप्रधान झाल्यानंतरही ते अपील मागे घेतले गेले नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळून जगन्नाथ यांच्या बाजूने निकाल दिला.  निकाल कोणत्या बाजूने लागला याला माझ्या दृष्टीने येथे फारसे महत्त्व नाही. पंतप्रधानांच्या मुलाला खालच्या न्यायालयाने दोषी ठरवणे, वरच्या न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर त्याला सोडणे आणि सरकारी पगारावरील अधिकाऱ्याने विद्यमान पंतप्रधानांविरुद्धचे अपील लंडनमध्ये शेवटपर्यंत चालवणे, या तीनही गोष्टी एकाच प्रकरणात घडल्या आणि त्यासाठी त्या न्यायाधीशांपैकी किंवा डीपीपींपैकी कोणालाही पद सोडावे लागले नाही, हे महत्त्वाचे आहे.

अर्थात सत्तेला हे रुचत नसते. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने एक घटनादुरुस्ती विधेयक आणले. त्यानुसार अभियोग आयोग स्थापन होऊन डीपीपींच्या निर्णयांचा फेरविचार करण्याचा अधिकार त्याला मिळणार होता. सत्तेतील सहकारी पक्ष पीएमएसडी याच मुद्द्यावर सरकारमधून बाहेर पडला आणि तीन चतुर्थांश बहुमताअभावी विधेयक बारगळले. पुढे २०२३ च्या अखेरीस आर्थिक गुन्हे आयोगाचा कायदा झाला, आणि खटला भरण्याचा काही अधिकार त्या आयोगाकडे गेल्याने डीपीपींच्या घटनात्मक अधिकारावर अतिक्रमण होते, असा आक्षेप खुद्द डीपीपींनीच न्यायालयात नेला. माझे मतही तेच आहे. तपास करणाऱ्यानेच खटला भरायचा की नाही ते ठरवले तर कलम ७२ चा अर्थ उरत नाही, मग त्या आयोगावर कितीही चांगली माणसे बसवा.

येथे एका मुद्द्यावर जरा थांबणे आवश्यक आहे, कारण पुस्तकी चर्चेत तो बहुधा सुटतो. मॉरिशसच्या घटनेतील महत्त्वाची कलमे बदलण्यासाठी संसदेच्या सर्व सदस्यांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात. हे ऐकून कुलूप फार भक्कम आहे असे वाटते. परंतु तिथली निवडणूक पद्धत पाहा. मुख्य बेटावर प्रत्येकी तीन सदस्यांचे वीस मतदारसंघ आहेत, रॉड्रिग्ज बेटाचे दोन सदस्य आहेत, आणि अल्पसंख्य समाजांचे प्रतिनिधित्व राखण्यासाठी पराभूत उमेदवारांतून कमाल आठ जण घेतले जातात. मतदाराने एकाच आघाडीला तीनही मते दिली की लाट येते आणि सगळेच वाहून जाते. १९८२ मध्ये मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा एका आघाडीला मिळाल्या, १९९५ मध्ये पुन्हा तसेच झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा बासष्टपैकी साठ जागा एकाच बाजूला गेल्या. म्हणजे जे कुलूप विरोधकांच्या संमतीशिवाय उघडू नये अशी कल्पना होती, त्याची किल्ली अर्धशतकात किमान तीन वेळा एकाच हाती आली आहे. २०१६ मध्ये विधेयक अडले ते त्या वेळच्या संख्याबळामुळे, आणि आज तसाच प्रयत्न झाला तर संख्याबळ आडवे येणार नाही.

म्हणूनच खोयराती खटल्याचे महत्त्व मी फार मानतो. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत जामीन देण्याचा न्यायाधीशाचा अधिकारच काढून घेणारी तरतूद १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली होती. १९९४ मध्ये संसदेने त्यावर उतारा म्हणून घटनाच दुरुस्त केली, आणि तीही रीतसर, तीन चतुर्थांश मतांनी. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवाला यांनी जो प्रश्न तेरा न्यायाधीशांपुढे मांडला होता, तोच येथे वेगळ्या वेषात उभा राहिला: रीतसर केलेली घटनादुरुस्तीही न्यायालय रद्द करू शकते का? मार्च २००६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवत होकारार्थी उत्तर दिले, पण आपल्या न्यायालयापेक्षा वेगळ्या वाटेने. घटनेच्या कलम १ मध्ये मॉरिशस हे ‘लोकशाही राज्य’ असल्याचे म्हटले आहे, आणि ते कलम बदलण्यासाठी सार्वमतात तीन चतुर्थांश मतदारांचा आणि नंतर संसदेच्या प्रत्येक सदस्याचा पाठिंबा लागतो. जामिनाचा निर्णय न्यायाधीशाच्या हातून काढून घेणे म्हणजे सत्ताविभाजन मोडणे आणि सत्ताविभाजन मोडणे म्हणजे लोकशाही राज्य या संकल्पनेलाच हात घालणे, त्यामुळे त्यासाठी साधी तीन चतुर्थांश मते पुरेशी नाहीत, असा तो युक्तिवाद होता. घटनेचा गाभा संसदेला बदलता येत नाही, या आपल्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताला घटनेत थेट शब्दांचा आधार नाही, अशी टीका होत असते. मॉरिशसमध्ये तो आधार कलमाच्या शब्दांतच सापडला, आणि वकील म्हणून मला ही मांडणी अधिक समाधानकारक वाटते. जनतेची लाट कितीही मोठी असो, न्यायालयाचा गाभा तिच्या आवाक्याबाहेर राहतो, याची हमी साठ जागांच्या देशात अत्यंत मोलाची आहे.

न्यायालयाचा एक निकाल सरकारच्या मुळावर कसा येऊ शकतो, हेही या बेटाने पाहिले आहे, आणि त्यात मराठीचाही थोडा संबंध आहे. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेतील गुणानुक्रमावर नामवंत माध्यमिक शाळांतील प्रवेश ठरत असे. त्या गुणानुक्रमात हिंदी, उर्दू, तामिळ, तेलुगू, मराठी आदी भाषांचे गुण धरावेत, असा नियम सरकारने १९९५ मध्ये केला. कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या आणि भाषा जपून ठेवलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा विषय होता. प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या क्रिओल समाजाच्या मुलांची अडचण मात्र वाढणार होती, कारण त्यांच्यापैकी बहुतेक जण या भाषा शिकत नव्हते. पुरेशी पूर्वसूचना न देता नियम बदलले म्हणून काही पालक न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने नियम घटनाबाह्य ठरवले. अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारने घटनादुरुस्तीचा प्रयत्न केला, तो मतांअभावी फसला, त्यांनी संसद विसर्जित केली आणि डिसेंबर १९९५ च्या निवडणुकीत मुख्य बेटावर त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. पुढे १९९८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि सांगितले की मॉरिशसच्या घटनेत आपल्या अनुच्छेद १४ सारखे समानतेचे सर्वसाधारण तत्त्व नाही, ठरावीक कारणांवरून होणाऱ्या भेदभावालाच मनाई आहे. तोवर सरकार कधीच गेले होते. लंडनने प्रत्येक वेळी सरकारविरुद्धच निकाल दिला, असा समज आपण करून घेऊ नये म्हणून हे मुद्दाम सांगतो. तसेच पोर्ट लुईच्या न्यायाधीशांना कणा लंडनमुळेच मिळतो, हेही खरे नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८३८ च्या दंडसंहितेतील कलम २५० सज्ञान पुरुषांच्या संमतीच्या खासगी संबंधांना लावता येणार नाही, हा निर्णय ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच दिला.

आता आपल्या पहिल्या प्रश्नातील ‘सगळे सगळ्यांना ओळखतात’ या भागाकडे वळतो. अडचण खरी आहे. एका व्यापारी वादात माझ्या पक्षकारासाठी तिथे ज्येष्ठ वकील शोधताना पहिल्याने सांगितले की विरुद्ध कंपनीच्या संचालकाशी त्याचे नाते आहे, दुसऱ्याने त्याच कराराचा मसुदा पूर्वी तपासला होता आणि तिसऱ्याचा भाऊ संबंधित खात्यात अधिकारी होता. तिघांनीही हे स्वतःहून आणि पहिल्याच फोनवर सांगितले, ही त्या व्यवसायाची शिस्त आहे. न्यायाधीशही असेच प्रकरणातून बाजूला होतात, पण न्यायाधीश मोजकेच असताना दोघे-तिघे बाजूला झाले की तारखा लांबतात. एकाच माणसावर अनेक भूमिका येतात, त्याचेही उदाहरण पाहा: राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघेही उपलब्ध नसतील तर सरन्यायाधीश तात्पुरते राष्ट्रपतिपद सांभाळतात. मोठ्या देशात ही तरतूद कागदावर राहते, छोट्या देशात ती प्रत्यक्षात वापरावी लागते.

मला खरी चिंता वाटते ती दंडाधिकाऱ्यांची. मॉरिशसमध्ये दंडाधिकारी आणि सरकारचे विधी अधिकारी हे एकाच सेवेत मोडतात. अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात सरकारची बाजू मांडणारा तरुण वकील पुढे दंडाधिकारी होतो, आणि दंडाधिकारी म्हणून बसलेल्या व्यक्तीची पुन्हा सरकारी वकिलीकडे बदली होऊ शकते. उच्च पदांवर पोहोचणारे बहुतेक न्यायाधीश याच शिडीने वर आलेले असतात. नेमणुका आणि बदल्या आयोगच करतो, मंत्री नाही, हे मान्य; तरीही काल ज्या कार्यालयासाठी मी युक्तिवाद केला आणि उद्या कदाचित जिथे परत जाईन, त्याच कार्यालयाच्या विरोधातील आरोपीला आज मी न्याय देतो, ही रचना आरोपीला विश्वास वाटावा अशी नाही.

त्यात तिथल्या ‘प्रोव्हिजनल चार्ज’ या पद्धतीची भर पडते. पोलीस संशयावरून अटक करतात आणि तपास अपुरा असतानाच जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे तात्पुरता आरोप दाखल करतात. त्यानंतर आरोपी जामिनावर सुटला तरी परदेशी जाण्यावर बंदी येते, ठरावीक दिवशी चौकीत हजेरी लागते, आणि अखेरीस डीपीपींनी खटला भरायचा नाही असे ठरवले तर आरोप रद्द होतो. मधल्या काळाची भरपाई कोणी करत नाही. सत्ताबदलानंतर ही पद्धत विशेष नजरेत भरते. निवडणूक हरल्यानंतर तोवर पंतप्रधान असलेले नवीनचंद्र रामगुलाम यांना फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि प्रविंद जगन्नाथ यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये अटक झाली. दोघांवरील आरोपांच्या खरेखोटेपणाबद्दल मला काहीही सुचवायचे नाही. दोघांनाही जामीन मिळाला, कारण दोघांकडे देशातील उत्तमोत्तम वकील होते. ज्याच्याकडे तसे वकील नसतात त्या मच्छीमाराचे किंवा उसाच्या मळ्यातील कामगाराचे काय होते, हा प्रश्न मी तिथल्या व्यवसायबंधूंना नेहमी विचारतो आणि तेही तितक्याच कळकळीने त्यावर बोलतात. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या दारातच थांबली तर ही माणसे तिच्यातून वगळली जातात.

उरला लंडनचा प्रश्न. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कोकणातला जमिनीचा वाद तापला की ‘प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढेन’ असे सहज म्हटले जाई, आणि लोकमान्य टिळकांनी ताईमहाराज प्रकरणात १९१५ मध्ये अखेरचा न्याय मिळवला तोही तिथेच. भारताने १९४९ मध्ये ते अपील बंद केले. मॉरिशसने १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावरही ते जाणीवपूर्वक चालू ठेवले. घटनेच्या अर्थाविषयीच्या अंतिम निर्णयावर आणि दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या दिवाणी वादात तिथे अपिलाचा हक्क आहे. रुपयांचा तो आकडा आज हास्यास्पद वाटावा इतका जुना आहे, पण घटनेत तो तसाच आहे. सप्टेंबर २००८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचे न्यायाधीश स्वतः मॉरिशसला येऊन बसले होते.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने या अपिलाचे महत्त्व किती, हे बेटामॅक्स प्रकरणातून दिसते. बेटामॅक्स या कंपनीशी झालेला पेट्रोलियम वाहतुकीचा करार सरकारने २०१५ मध्ये मोडला. लवादाने २०१७ मध्ये सरकारी कंपनीविरुद्ध सुमारे ११.५ कोटी डॉलरचा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो सार्वजनिक धोरणाच्या कारणावरून रद्द केला आणि जून २०२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा जिवंत केला. मुंबईतील माझ्या पक्षकारांना मॉरिशसमध्ये लवाद ठेवावा का हे सांगताना मी या निकालाचा आवर्जून उल्लेख करतो. पण याच अपिलाची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत पंतप्रधानांच्या मतदारसंघातील निकालाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आणि प्रिव्ही कौन्सिलने ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली. पाच वर्षांच्या मुदतीतील जवळजवळ चार वर्षे संपल्यावर आलेला निकाल कोणत्याही बाजूने लागला असता तरी मतदाराच्या फारसा उपयोगाचा नव्हता. लंडनमधील वकिलांचा खर्च किती जणांना परवडतो हा प्रश्न तर आहेच.

म्हणून याला गुलामीची खूण म्हणण्यास मी तयार नाही, आणि कायमचा आधार म्हणण्यासही नाही. ग्रेनाडा आणि अँटिग्वा या कॅरिबियन देशांत नोव्हेंबर २०१८ मध्ये थेट जनतेलाच विचारले गेले की लंडन सोडून कॅरिबियन न्यायालयाकडे जायचे का, आणि दोन्ही ठिकाणी बहुसंख्य मतदारांनी नकार दिला. जवळच्या माणसाने दिलेल्या न्यायापेक्षा दूरच्या अनोळखी माणसाचा न्याय लोकांना अधिक सुरक्षित वाटतो, हे छोट्या देशातले वास्तव आहे आणि अभिमानाच्या भाषेत ते उडवून लावणे बरोबर नाही. मॉरिशसने मात्र क्रम ठरवून चालावे असे मला वाटते. आधी मॅके आयोगाने सुचवलेला स्वतंत्र अपील विभाग उभा करावा आणि त्यावर काही काळ परदेशांतील अनुभवी न्यायाधीशही घ्यावेत. दंडाधिकाऱ्यांची सेवा सरकारी वकिलांच्या सेवेपासून कायद्याने वेगळी करावी. प्रोव्हिजनल चार्जला मुदतीचे बंधन घालावे आणि मुदत संपताच तो आपोआप रद्द व्हावा. ही तीन कामे करण्यासाठी लंडनची परवानगी लागत नाही, आणि २०२४ च्या निकालानंतर पोर्ट लुईच्या संसदेत त्यासाठी लागणाऱ्या मतांचीही उणीव नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्या अपील विभागाचे निकाल हातात घेऊन लंडनचे अपील बंद करावे का, याचा विचार सार्वमताने व्हावा.